गंजलेला आस

तापलेल्या कातळावरून फटफटीचा आवाज दुपारच्या उन्हासारखाच थरथरत येई, आणि सड्याच्या, म्हणजे त्या कातळी माळाच्या, टोकाशी, जिथून आमच्या वाडीचा उतार सुरू होतो तिथे, तो एकाएकी थांबे. मग काही काळ काहीच ऐकू येत नसे. खाडीवरचा वारा, कुठे एखाद्या भारद्वाजाचा घुमारा, आणि त्या शांततेतून हलकेच उलगडत येणारी, खडीवरून फिरणाऱ्या चाकांची कुजबुज. दादा इंजिन बंद करून उतार उतरत असे. पेट्रोल वाचवण्यासाठी, असे लोक म्हणत, आणि त्यात थोडे तथ्यही असेल. पण उताराच्या दोन्ही अंगांना आंब्याची कलमे होती, पौषातल्या त्या दिवसांत ती फांदीफांदीतून मोहरलेली असत, आणि मोहोरावर भिरभिरणाऱ्या माश्यांचा जो अखंड, मधाळ गुंजारव साऱ्या आसमंतात भरून राही, तो दादाला ऐकायचा असे. त्या गुंजारवाच्या दाटपणावरून यंदा फळ किती धरेल हे तो सांगत असे. खळ्यात, घरापुढच्या अंगणात, गाडी टेकवताना त्याच्या खांद्यावर मोहोराचा पिवळसर भुगा असायचा, अंगाला पेट्रोलचा आणि आंब्याच्या चिकाचा मिसळलेला वास असायचा, आणि मी दारात दिसले की तो एवढेच म्हणायचा, "ऐक गो कुसुम, यंदा झाडां बोलतत."

दादा माझा थोरला भाऊ. आईवडील लवकर गेले, त्यानेच मला वाढवले, शिकवले, आणि पुढे मी गावातल्याच शाळेत शिक्षिका झाले. देवगडच्या दक्षिणेला, खाडीच्या मुखाशी, सड्याच्या पायथ्याला आमचे घर होते, आणि त्या घरात आम्ही तिघे राहत होतो: दादा, वहिनी आणि मी. दादा-वहिनींना मूल नव्हते. लोकांच्या आंब्याच्या बागा हंगामापुरत्या कराराने घ्यायच्या, राखायच्या, आणि फळ उतरले की भाताच्या पेंढ्यात निजवून पेट्या बोटीने मुंबईला धाडायच्या, हा त्याचा व्यवसाय. बागा दूरदूर विखुरलेल्या, मधल्या वाटा कातळाच्या नाहीतर लाल मातीच्या. बैलगाडीलाही जिथे विचार करावा लागे तिथे दादा फटफटी घालत असे.

ती फटफटी लढाईत वापरलेली होती. लष्कराने लिलावात काढलेली ती गाडी त्याने कोल्हापुराहून आणली आणि फोंड्याचा घाट एकटाच उतरून आला. वाळलेल्या चिखलासारखा तिचा रंग होता, आणि स्वभावही काहीसा तसाच, रुक्ष आणि सोशीक. पावसाळ्यात, बागांचे काम थंडावले की, दादा पडवीत गोणपाट अंथरून तिचा एकेक भाग सोडवून ठेवायचा. पूजेची उपकरणी मांडावीत तसा तो ते भाग ओळीने मांडी, प्रत्येकाला तेल लावी, आणि त्या वेळी त्याच्या लांब, सावळ्या बोटांत असे काही मार्दव येई की आम्ही दोघी दारातून नुसत्या बघत उभ्या राहत असू. त्या कामात तो कोणाचा हात लागू देत नसे, काय करतो आहे हेही कधी सांगत नसे. मुळातच तो अबोल. जेवताना मीठ हवे असले तरी चिमूट करून दाखवायचा. वहिनी हसून म्हणायची की ह्यांना देवाने जीभ एक दिली आणि हात चार दिले.

पौषातल्याच एका सकाळी तो बागेत कोसळला. झाडाखाली उभे राहून वर मान करून तो ऐकत होता, असे त्याच्याबरोबर असलेल्या बाबीने आम्हाला सांगितले. बाबी हा त्याचा बागांमधला भागीदार आणि लहानपणचा सोबती. ऐकता ऐकता दादाची मान कलली, गुडघे मुडपले, आणि झाडाला टेकून बसावे तसा तो खाली बसला. माणसांनी डोली करून त्याला घरी आणले. उजवे अंग गेले होते. देवगडचे डॉक्टर आले, त्यांनी डोळ्यांत दिवा धरून पाहिले, तळव्यावरून सुई ओढून पाहिली, आणि बाहेर पडवीत येऊन सांगितले की जगतील, पण बोलणे परत येईल असे मी म्हणू शकत नाही.

बोलण्यातले एकच अक्षर त्याच्यापाशी उरले. 'रे.' आमच्याकडे पुरुषाला हाक मारताना जो 'रे' लागतो, तोच. हाक म्हणून तो 'रे' म्हणे, हो म्हणून 'रे', नको म्हणून 'रे', पाणी, ऊन, दुखणे, कंटाळा, साऱ्यांसाठी तेवढाच एक वर्ण. वहिनीला आयुष्यभर त्याने 'गो' म्हणून हाक मारली होती. आता तिलाही 'रे'. पहिल्यांदा ऐकले तेव्हा ती स्वयंपाकघरात येऊन चुलीसमोर नुसती बसून राहिली. मग उठली, तोंडावर पाणी मारले, आणि आत जाऊन म्हणाली, काय व्हया? त्या दिवसापासून त्या अक्षराचे चढउतार ओळखायला ती शिकू लागली. जोंधळ्याच्या राशीतून खडे वेचावेत तसे तिने त्या एका स्वरातून अर्थ वेचले. कधी अचूक वेचले, कधी नाही. नाही वेचले की दादा डोळे मिटून घेई. त्याला राग येत नसे, आणि रागावला असता तर आम्हाला ते सोसायला सोपे गेले असते.

फटफटी बागेतच राहिली होती. गड्यांनी ती काही दिवसांनी ढकलत आणून पडवीत उभी केली. दादाची खाट माजघराच्या खिडकीशी होती, आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर ती गाडी. वहिनीने तिच्यावर माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापे टाकली, पण खाऱ्या वाऱ्याला झापांची काय तमा. खाडीवरून येणारा तो ओलसर, अदृश्य श्वास साऱ्या वस्तूंवर हळुवार हात फिरवतो आणि हात फिरवता फिरवता त्यांना खाऊन टाकतो. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. हँडलची झिलई आधी मंदावली, मग तिच्यावर बारीक बारीक तांबूस ठिपके उमटले, देवी आलेल्या लेकराच्या चेहऱ्यासारखे. चाकांच्या तारा काळवंडल्या. बसायच्या जागेच्या चिरलेल्या कातड्यात मुंग्यांनी घर केले. हे सारे दादा खाटेवरून पाहत होता. मान त्याला त्याच बाजूला वळवता येत असे, म्हणून पाहत होता की पाहायचे होते म्हणून मान वळवत होता, हे मला कधी ठरवता आले नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतरच्या माघात वहिनीच्या मनाने घेतले की गाडी दुरुस्त करायची. मी शाळेतून आले तेव्हा ती पडवीत उभी राहून झापे काढत होती. चालवणार कोण, असे मी विचारले. कोणीच नाही, असे ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "ह्येंका एकदा तो आवाज ऐकवूक व्हयो, गो कुसुम."

यंत्राचा आवाज ऐकून माणसाची वाचा परत येते, असे ती मानत होती का? मला नाही वाटत. ती भाबडी नव्हती. पण पौषातला मोहोर पुन्हा येऊन गेला होता, खिडकीतून त्याचा वास आत आला होता, आणि दादाने त्या वासाकडेही मान वळवली नव्हती. त्याच्या डोळ्यांतली ती मंद मंद विझत चाललेली ओळख तिला दिसत होती, आणि हाताशी असलेले एकच लाकूड ती त्या विझत्या चुलीत सारू पाहत होती.

इंजिन सुरू करणारा माणूस कसालला होता. हमरस्त्यावरच्या त्या बाजाराच्या गावी मोटारी दुरुस्त होत. गाडी तिथवर न्यायची तर आधी आमच्या घरापासून रस्त्यापर्यंतच्या अरुंद, चढत्या पाणंदीतून ती ढकलत नेली पाहिजे, आणि पुढचे चाक तर जागचे हलत नव्हते. ते मध्याशी गंजून जाम झाले होते. चाक मोकळे करायचे तर त्याच्या पोटातून आरपार गेलेला पोलादी आस काढला पाहिजे, असे बाबी म्हणाला. त्याला मोटारीतले कळत नव्हते, पण सायकल त्याने सोडवून पुन्हा जोडली होती. जोडीला धोंडू मेस्त्री आला, होड्यांच्या पट्ट्या आणि खिळे ठोकणारा आमच्या गावचा लोहार. दोघेही दादावर जीव टाकणारे. दोघेही त्या सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून आले होते.

वहिनीने दादाला उशांना टेकवून बसते केले, खिडकीचे दोन्ही दरवाजे उघडले आणि त्याला सांगितले की गाडी सोडवतो आहोत, कसालला नेणार आहोत. त्याने पुष्कळ वेळ तिच्याकडे पाहिले. मग गाडीकडे पाहिले. त्याचा श्वास किंचित जलद झाला, आणि कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता असा एक सजग, तीक्ष्ण प्रकाश त्याच्या चेहऱ्यावर आला. मला आठवते, बाहेर ऊन फार कोवळे होते, आणि खळ्यात वाळत घातलेल्या सोललेल्या सुपारीवर ते सांडले होते.

मेस्त्रीने सांध्यावर रॉकेल ओतले, थांबला, पुन्हा ओतले. चाकाच्या, खिडकीपासून पलीकडच्या अंगाला आसाचे षटकोनी डोके होते. त्याला पाना लावून दोघांनी हिसका दिला. आस हलला नाही. पान्याच्या दांड्याला पाण्याच्या नळाचा एक लांब तुकडा अडकवून त्यांनी पुन्हा जोर केला. गाडीच सरकली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर पांढरा ओरखडा उठला, पण आस तसाच.

"रे," खिडकीतून दादा म्हणाला.

बाबीने वर पाहिले. दादाचा डावा हात उशीवरून उचलला गेला होता. तो हवेत हळूहळू एक वर्तुळ काढत होता. एक झाले, दुसरे झाले. पुन्हा 'रे'. बाबीचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांनी मित्र काही सांगतो आहे आणि ते आपल्याला समजते आहे, याचा तो आनंद होता.

"दादा फिरवा म्हणतत," तो मेस्त्रीला म्हणाला. "जोर लाव."

त्यांनी जोर लावला. दादाचा हात अधिक वेगाने फिरू लागला, 'रे, रे' असा त्याचा स्वर चढू लागला, आणि तो स्वर जितका चढे तितके ते दोघे नव्या हुरूपाने पान्याला लटकत. मी पडवीच्या पायरीवर उभी होते. मला ते सारे एखाद्या होडीला धक्का देऊन पाण्यात ढकलताना किनाऱ्यावरून होणाऱ्या पुकाऱ्यासारखे वाटले. मेस्त्रीने घरातून निखारे मागवले, पत्र्यावर धरून सांधा तापवला, वर खोबरेल सोडले. तेलाचा निळा धूर खिडकीतून आत गेला. दादाच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, कपाळावर घाम फुटला होता, आणि तो फिरता हात थांबत नव्हता. वहिनी खाटेच्या उशाशी, त्याच्या मागे उभी होती. त्या हाताकडे बघता बघता तिचा चेहरा एकाएकी पांढरा फटक पडलेला मी पाहिला. काय झाले म्हणून मी आत जाणार, तोच पान्याखाली आसाचे डोके गरगरले. त्याचे कोन झिजून ते गोटीसारखे गोल झाले होते.

मेस्त्रीने छिन्नी लावली, मोठा हातोडा घेतला. त्याच दिशेने, त्याच निष्ठेने. तिसऱ्या की चौथ्या घावाला एक कोरडा, बारीक आवाज झाला, सुकी फांदी मोडावी तसा. चाक ज्या दोन पायांत बसते त्या चिमट्याच्या एका पायाचे बोट तडकले होते.

दादाचा हात खाली आला. तो त्याने टाकला नाही, तो आपोआप खाली आला, पाणी ओसरावे तसा. त्याने डोळे मिटले. दोन्ही पापण्यांच्या कडांतून पाणी आले, आणि चेहऱ्याच्या निर्जीव बाजूवरून वाहणारे पाणी त्याला जाणवत नव्हते म्हणून ते तसेच हनुवटीपर्यंत गेले.

"बस झालां," वहिनी म्हणाली. "आता कोणी हात लावू नकात."

बाबी आणि मेस्त्री खळ्यात बसून राहिले. वहिनीने त्यांना चहा दिला. तो त्यांच्या हातात निवून गेला. दोघांपैकी कोणाचीही दादाच्या समोर जायची छाती झाली नाही, आणि त्यांच्या त्या झुकलेल्या खांद्यांकडे पाहून मला त्यांचीच अधिक करुणा आली.

त्यानंतर दादाने 'रे' म्हणणे सोडले. वाचा गेल्यावरही घरात एक अक्षर नांदत होते, ते मावळले. भरवले तर खाई, कुशीवर वळवले तर वळे. खिडकीकडची मान मात्र त्याने दुसरीकडे, भिंतीकडे वळवायचा प्रयत्न सुरू केला. ती पूर्ण वळत नसे, अर्ध्यावर राही, आणि त्या अर्ध्या वळलेल्या मानेने तो दिवसचे दिवस पडून असे. लाडकी गाडी मोडली म्हणून दुःख झाले, असे आम्ही समजलो. गावातले लोकही तसेच समजले. मी शाळेतून आले की त्याच्याशी बोलायची, वर्गातल्या मुलांच्या गमती सांगायची. पण माझे शब्द त्याच्यापाशी जाऊन, भरतीच्या वेळी उलट्या वाऱ्याने होडी मागे यावी तसे, माझ्याकडेच परत येत. वहिनी त्या दिवसांत रात्रंदिवस त्याच्यापाशी असे. ती काही बोलत नसे, आणि देवापुढचा दिवा विझू नये म्हणून सारखी वात सारायला उठत असे. ती एवढी कशाला भ्याली आहे, हे मला कळत नव्हते.

फाल्गुन उतरणीला लागला. झाडांवर कैऱ्या धरल्या होत्या. बाबी एके दिवशी एका पाहुण्याला घेऊन आला. फोंडाघाटचा माणूस, लढाईत पलटणीत होता, आता आंब्याच्या पेट्या वाहणारी मोटार चालवत होता, आणि हंगामाच्या वाहतुकीचे बोलायला आला होता. पडवीत बसला, वहिनीने गूळ-पाणी दिले. पाणी पिता पिता त्याची नजर गाडीकडे गेली आणि तो उठून तिच्यापाशी उकिडवा बसला. असलीच गाडी मी ब्रह्मदेशात चिखलातून मारली आहे, असे तो कौतुकाने सांगू लागला. मग त्या गोल झालेल्या डोक्यावर, तडकलेल्या चिमट्यावर त्याचे बोट फिरले आणि थांबले. कोणत्या बाजूला फिरवलात, असे त्याने विचारले. बाबीने हाताने दाखवले.

"ह्येचो आटो उलटो आसा," पाहुणा म्हणाला. "दुसऱ्यांचो ज्या बाजूक सुटता, त्या बाजूक ह्यो आवळत जाता."

त्याच्या बोलण्यात दोष देण्याचा भाव मुळीच नव्हता. चाक धावताना आस आपोआप सैल पडू नये म्हणून तो तसा करतात, असेही त्याने समजावून सांगितले. बाबी ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू राखेसारखा होत होता. मागे काहीतरी खणखणले. वहिनीच्या हातातला तांब्या जमिनीवर पडला होता, आणि ती तिथे नव्हती.

मी तिच्यामागून आत गेले. ती खाटेशी गुडघ्यांवर बसली होती. तिने दादाचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता आणि तो हवेत हळूहळू फिरवत होती, जात्याचा खुंटा फिरवतात त्याच्या उलट दिशेने. दादाची अर्धी वळलेली मान परत फिरली. तो तिच्याकडे पाहू लागला.

"ह्यांच सांगत होतात ना तुमी?" ती म्हणाली.

दादाचे ओठ हलले. आवाज यायला वेळ लागला, वापरात नसलेल्या विहिरीतून पहिला पोहरा यायला लागतो तसा.

"रे."

तिने त्याच्या छातीवर डोके टेकले, आणि त्याचा तो एकच चालता हात तिच्या केसांवर येऊन राहिला. मी दारातून मागे सरले. बाहेर पाहुणा बिचारा गोंधळून उभा होता. आपण असे काय बोललो, हे त्याला उमगत नव्हते.

संध्याकाळी तुळशीपाशी वहिनीने मला सांगितले. बाबीने, मेस्त्रीने, मी, आम्ही सगळ्यांनी हात फिरताना पाहिला होता. तो कोणत्या दिशेने फिरतो हे फक्त तिने पाहिले होते. पण जाते उलटे फिरवणे आमच्याकडे अशुभ. उलटी प्रदक्षिणा, उलटा फेर, हे सारे जाणाऱ्या माणसाचे. "माका दिसलां होतां, कुसुम," ती म्हणाली. "हात उलटो फिरता तो माका दिसलो होतो. माका वाटलां, ते आपल्या जाण्याचां सांगतत." म्हणून ती कोणाजवळ बोलली नव्हती. म्हणून ती दिवा विझू देत नव्हती. तो बिचारा चाकाचे सांगत होता आणि तिने त्यात मृत्यू वाचला होता. आणि मृत्यू वाचला म्हणूनच ती त्याला सोडून क्षणभरही हलली नव्हती. तिच्या त्या चुकीला चूक म्हणावे की काय म्हणावे, हे मला तेव्हाही सुचले नाही, आजही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणा आणि मेस्त्री यांनी मिळून तो आस काढला. गोल झालेल्या डोक्यावर तिरपी छिन्नी धरून उजवीकडे, बाहेरून सुलट्या पण दादाच्या खिडकीतून उलट्या दिसणाऱ्या बाजूला, हलके हलके घाव घातले. दादा खिडकीत बसला होता. त्याचा हात आता हवेत फिरत नव्हता. तो उशीवर स्वस्थ होता, आणि प्रत्येक घावासरशी त्याचे एक बोट किंचित उचलले जात होते. बराच वेळ गेला. मग गाडीतून एक खोल, दीर्घ करकर आली, आणि आस सुटला. तो बाहेर ओढला तेव्हा त्याच्याबरोबर तांबडी भुकटी सांडली. मेस्त्रीने तो फडक्याने पुसून खिडकीतून आत दिला. दादाने तो हातात घेतला, छातीवर ठेवला, अंगठ्याने त्याच्यावरून घासून पाहिले, आणि वहिनीकडे पाहून अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळली. ती उठली आणि खोबरेलाची वाटी घेऊन आली. त्याला तेलच हवे होते. तो अर्ध्या ओठाने हसला. त्या घरात त्यानंतर जे थोडेसे हसू झाले त्यातले पहिले ते होते.

गाडी मात्र कधी सुरू झाली नाही. तडकलेला चिमटा कसालला नेऊन जोडून आणता येईल असे बाबी म्हणत राहिला, तोवर आंबा उतरायला आला, पेट्यांची घाई झाली, मग समुद्र खवळून बोटी बंद झाल्या. चाक पडवीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून राहिले. पण दादाने मान पुन्हा भिंतीकडे वळवली नाही, आणि त्याचे अक्षर त्याच्यापाशी परत आले होते. वहिनीने आता नवीच रीत धरली. त्याने खूण केली की ती आधी आपल्याला समजले तसे करून बघे, आणि मग त्याच्या उलट करून बघे. दार लाव, असे वाटले तर लावून मग उघडून दाखवी. पुष्कळदा उलटेच खरे निघे. तो मग एका बाजूने हसे. आणि त्या अर्ध्या हसण्यासाठी ती दिवसभर चुकायला तयार असे.

त्या पावसाळ्यात तो दर संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, एक खूण करू लागला. डाव्या हाताची बोटे तो एकत्र जुळवी, हात पश्चिमेच्या दाराकडे उचली, आणि बोटे हळूहळू उघडी, जणू त्यांतून काहीतरी बाहेर सोडतो आहे. आम्ही मीठ आणून दिले. फूल दिले. भाताचे दाणे दिले. दिवा दारात नेला, दारातून आत आणला. वहिनीने सारे सुलटे करून पाहिले, सारे उलटे करून पाहिले. बाबी आला, त्यानेही आपल्या परीने अर्थ लावले; खाडी, पाखरू, गलबत, लहानपणीचा कुठला तरी खेळ. प्रत्येक वेळी दादा आमच्याकडे पाही, आणि फार मऊ स्वरात 'रे' म्हणे. तो 'रे' होकाराचा होता, नकाराचा होता, की आमची धडपड पाहून आम्हालाच दिलेला दिलासा होता, हे त्या अक्षराचे सारे चढउतार पाठ असलेल्या वहिनीलाही सांगता आले नाही. भात कापणीला आले त्या दिवसांत, एका निरभ्र सकाळी, तो झोपेतच गेला. हात उशीवर होता, बोटे अर्धवट मिटलेली.

चाकाचे सांगणारा एक वाटसरू फोंड्याहून आला होता. ह्या खुणेचे सांगणारा कोणी आला नाही. वहिनी होती तोवर, दिवा लावून झाला की, ती पश्चिमेच्या दारात क्षणभर थांबायची. आता ती नाही, आणि त्या दारात थांबायचे काम माझ्याकडे आले आहे. दादाचा चेहरा आठवायला मला अलीकडे प्रयास पडतो, त्याचा धडधाकट काळातला आवाज तर केव्हाच हरवला. माणसाचे जे जे आपल्याला समजते ते त्याच्याबरोबर हळूहळू निघून जाते बहुधा. मागे राहते ते न समजलेले, संध्याकाळच्या उजेडात पुन्हा पुन्हा उघडणाऱ्या एखाद्या हातासारखे, ज्याच्यावरून इतका काळ वाहून गेला तरी जो अजून रिता झालेला नाही.